धसका घेतलेले हृदय

आमच्या सावद्याकडे दुःखाच्या घरी बसायला गेलो की एक दृश्य हमखास दिसते. साठीकडे झुकलेली बाई छातीवर हात दाबून भिंतीला टेकलेली असते. "तिने धसका घेतला, रडू द्या, मोकळी होईल," असे चार बाया म्हणतात. कोणी अंगाराही लावतो. आम्ही म्हणतो, घात होतो तो इथेच.

धसक्याने हृदय खरोखरच बिघडते. १९९० साली जपानचे डॉ. हिकारू सातो व सहकाऱ्यांनी या आजाराला 'ताकोत्सुबो' हे नाव दिले. तिकडे ऑक्टोपस पकडण्याच्या गोल बुडाच्या, अरुंद तोंडाच्या मडक्याला तसे म्हणतात. आकस्मिक मृत्यू, भांडण, अपघात, मोठे आजारपण यांमुळे हृदयाच्या डाव्या कप्प्याचे टोक ढिले पडून फुगते व त्या मडक्यासारखे दिसते. दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात. त्याही बहुतेक पाळी थांबलेल्या.

छातीतले दुखणे, दम लागणे, कार्डिओग्राम, रक्ततपासणी, सारे हार्ट अ‍ॅटॅकसारखेच. अँजिओग्राफीत मात्र दुखण्याला कारण ठरेल असा अडथळा रक्तवाहिनीत सापडत नाही. म्हणजे हा फरक घरी बसून कळणारा नाही.

बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. पण सुरुवातीचे दिवस धोक्याचे. फुप्फुसात पाणी साचते, रक्तदाब कोसळतो, ठोके बिघडतात. फुगलेल्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे गेली तर लकवा होतो. म्हणून इको पुन्हा करतात आणि गुठळी दिसल्यास रक्त पातळ करणारी औषधे देतात.

शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते. हृदयाची भिंत फाटली तर रक्त भोवतालच्या आवरणात साचून हृदय दाबले जाते. ते रक्त काढून फाटलेली जागा शिवावी लागते. दोन कप्प्यांमधला पडदा फाटला तर डॉक्टरांना स्टेथोस्कोपमधून नवाच आवाज ऐकू येतो. इकोने खात्री करून, रुग्णाची प्रकृती पाहून, तिथे ठिगळ लावतात. अशा वेळी घड्याळच आपला वैरी असते.

म्हणून भगिनींनो, शोकाच्या घरात कुणाच्या छातीत दुखले तर आधी १०८ ला फोन करा. खर्चाची धास्ती असेल तर रेशनकार्ड व आधारकार्ड बरोबर घ्या आणि रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. गेलेल्यासाठी रडायला आयुष्य पडले आहे. राहिलेल्या माउलीला आधी डॉक्टरकडे न्या.