साहेबाचा कट्टा आणि चुंबकाचं भांडं

विजयदुर्गावरचा 'साहेबाचा कट्टा' पाहिलाय? १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात लॉकयरनं हेलियम इथूनच शोधला, असं आपण पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. पण लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्येच होता. ती पिवळी रेषा त्यानं ऑक्टोबरात तिथूनच पाहिली. असो!

सूर्य हायड्रोजनचा हेलियम करतो. तेच पृथ्वीवर करायचं तर प्लाझ्मा १५ कोटी अंशांपर्यंत तापवावा लागतो. एवढं तापलेलं ठेवणार कशात? चुंबकीय क्षेत्रात, मेदूवड्याच्या आकारात. कण बलरेषांभोवती गिरक्या घेत फिरतात, भिंतीपासून लांब राहतात. तरी प्लाझ्मा निसटतोच. खरी डोकेदुखी तीच. गांधीनगरच्या 'आदित्य' यंत्रावर १९८९ पासून याचाच अभ्यास चाललाय. फ्रान्समधल्या 'इटर' प्रकल्पात भारतही भागीदार आहे. तिथले अतिवाहक चुंबक गार कोण ठेवणार, माहितीय? उणे २६९ अंशांचा हेलियमच.