सुलतानी म्हणजे काय?

गेल्या खरिपात मलकापूरच्या बाजारात एक वयस्क शेतकरी भेटले. म्हणाले, "सायेब, युरिया पायजे तर ही औषधाची बाटली बी घ्याच म्हणत्यात. ही सुलतानीच न्हवं का?"

'अस्मानी-सुलतानी' आपण जोडीने म्हणतो. आसमान म्हणजे आभाळ. अवर्षण, गारपीट, 2019 सालचा महापूर, ही अस्मानी. तिला इलाज थोडा. राजाच्या किंवा त्याच्या फौजेच्या हातून रयतेवर कोसळे ती सुलतानी: उभ्या पिकात घोडी, जबरीची वसुली, वेठ. पुढे सुलतान गेले, शब्द मात्र राहिला. ज्याचा हात वर, त्याने अडलेल्याला पिळले की आपण म्हणतो, सुलतानी!

आपल्या विशाळगडाखाली, घाट उतरल्यावर प्रभावळी लागते. तिथल्या सुभेदाराला, रामाजी अनंत यांना, शिवाजी महाराजांनी 1676 साली पत्र धाडले. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, ही त्यातली ताकीद पुष्कळांना ठाऊक आहे. शेतीखात्यातल्या माझ्यासारख्याला मात्र पुढचा मजकूर अधिक मोलाचा वाटतो. ज्याच्याकडे बैल नाहीत त्याला बैलांसाठी पैसे द्या, पोटाला धान्य द्या, आणि वसुली वाढीदिढी न लावता, त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू करा. म्हणजे अधिकाऱ्याने स्वतः लुटले नाही, एवढ्याने भागत नव्हते!

म्हणून त्या बाबांना मी म्हणालो, होय, ही सुलतानीच. युरियाबरोबर दुसरा माल गळ्यात मारणे नियमाविरुद्ध आहे. 45 किलोच्या गोणीची किंमत 266 रुपये 50 पैसे. त्याची पक्की पावती मिळालीच पाहिजे.

बाबा हसले. "पावती मागितली तर फुडल्या खेपेला माल दील का त्यो?"

याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. मी त्यांच्याबरोबर दुकानात गेलो. बाटली परत झाली, पावतीही मिळाली. पण मी रोज थोडाच बाजारात असणार? तेव्हा मंडळी, एकट्याने तक्रार करून वाईटपणा घेऊ नका. गावातल्या पाच-दहा जणांनी मिळून, तारीख, दुकान आणि मालाचे नाव घालून, सह्यांचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी विभागाकडे द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्यायला विसरू नका.