लॅपटॉप वाटला, पुढे काय?

नोव्हेंबर २००५ मध्ये ट्युनिस येथील जागतिक परिषदेत एमआयटीचे निकोलस नेग्रोपाँटे यांनी एक छोटासा हिरवा लॅपटॉप दाखवला. शेजारी संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान होते. वीज नसलेल्या गावासाठी हाताने फिरवायची दांडी आणि किंमत अवघी १०० डॉलर. गरीब देशांतल्या प्रत्येक मुलाच्या हाती तो द्यायचा, असा संकल्प होता.

२००७ मध्ये उत्पादन सुरू होईपर्यंत दांडी गेली आणि किंमत १८८ डॉलरवर पोहोचली. तरीही यंत्र उत्तम होते. पडद्यावरचे भरउन्हात वाचता येई, रबरी कळफलकात धूळ-पाणी शिरत नसे, वीज फार कमी लागे. त्याच वर्षी आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील एका धनगरवाड्यावरच्या छोट्या शाळेतही ते पोहोचले. सर्वांत मोठी खरेदी मात्र पेरू या देशाने केली. तिथे आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले गेले.

मुले शिकली का? नवे औषध देताना आम्ही डॉक्टर हाच प्रश्न विचारतो. रुग्ण बरा झाला एवढे पुरत नाही. औषध न घेतलेल्या, तशाच रुग्णांशी तुलना करावी लागते. पेरूत नेमके हेच केले गेले. ग्रामीण भागातील ३१९ शाळांच्या अभ्यासात कोणाला लॅपटॉप मिळणार हे सोडतीने ठरले. सुमारे १५ महिन्यांनंतर गणित आणि भाषा या विषयांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. लॅपटॉपमध्ये २०० पुस्तके भरलेली होती, पण मुलांचे वाचनही वाढले नाही. आकृत्यांवरून तर्क लावण्यासारख्या काही कौशल्यांत थोडी सुधारणा दिसली, इतकेच. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हते, शिक्षकांचे प्रशिक्षण तुटपुंजे होते आणि धड्याशी यंत्राची सांगड घातलेली नव्हती.

मग संगणक निरुपयोगी आहे का? तसे नाही. २०१५ मध्ये दिल्लीत, मुख्यतः सहावी ते नववीच्या ६१९ विद्यार्थ्यांवर अशीच सोडत काढून चाचणी झाली. सहावीतला सरासरी विद्यार्थी गणितात सुमारे अडीच वर्षे मागे असल्याचे आढळले. तरी शाळेत त्याच्यापुढे सहावीचेच पुस्तक! या केंद्रात संगणक आधी मुलाची खरी पातळी तपासून तिथूनच प्रश्न देई. आठवड्यातून सहा दिवस, ४५ मिनिटे संगणकावर आणि ४५ मिनिटे छोट्या गटात शिक्षकाजवळ. साडेचार महिन्यांत या मुलांची गणितातली प्रगती इतरांच्या दुपटीहून अधिक झाली. हिंदीतही ती पुढे गेली. यात संगणकाचा वाटा किती आणि शिक्षकाचा किती, हे त्या चाचणीतून वेगळे काढता येत नाही. पण आधी निदान, मग नेमकी मात्रा आणि त्यानंतर देखरेख, हा क्रम आम्हा डॉक्टरांच्या ओळखीचा आहे.

सरकारी रुग्णालयात आम्ही दुसरी बाजूही पाहतो. महागडे यंत्र येते, पण ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाचे पद रिकामे राहते. उद्घाटनाचा फोटो छापून येतो आणि यंत्रावर कापड पडते. शाळेतल्या यंत्राचे असे झाले तर पैसा जातोच, शिवाय मुलाच्या शिकण्याच्या वयातली दोन-तीन वर्षेही जातात. ती परत मिळत नाहीत.

म्हणून तुमच्या गावच्या शाळेत टॅब किंवा संगणक येणार असतील, तर पालकसभेत किमतीच्या पुढचे चार प्रश्न विचारा. कोणते मूल कुठे अडले आहे, हे आधी तपासले का? यंत्रापाशी मुलांसोबत कोण बसणार? बिघडले तर किती दिवसांत दुरुस्त होणार? आणि वर्षअखेर फायदा झाला की नाही, हे कशाशी तुलना करून ठरवणार? उत्तरे मिळाली तर संगणक जरूर घ्यावेत. ती मिळेपर्यंत, तोच पैसा मागे पडलेल्या मुलांच्या जादा वर्गांसाठी मागायला संकोच नको.