खुर्ची उलटी करून पाहा

जुन्या इंग्लिश फर्निचरविषयी बोलणे सुरू झाले की पहिल्या पाच मिनिटांत राजाराण्यांची नावे निघतात. क्वीन अ‍ॅन पद्धतीची खुर्ची, जॉर्ज राजांच्या काळचे कपाट, व्हिक्टोरियन टेबल. मागोमाग चिपेनडेल, हेपलव्हाइट, शेरेटन ही त्रयी येते. या नावांना अर्थ नाही असे मी म्हणणार नाही. पण राणीने कधी रंधा हाती धरला नव्हता. आणि 'चिपेनडेल' म्हणून विकल्या गेलेल्या बहुतेक खुर्च्यांनी टॉमस चिपेनडेलच्या कारखान्याचे छप्परही पाहिले नव्हते. म्हणून माझे सांगणे असे की, पाठीवरची नक्षी न्याहाळण्यापूर्वी खुर्ची उलटी करावी. तिकडे गिऱ्हाइकाची नजर जात नाही, म्हणून कारागिराने तेथे काही लपविलेले नसते.

सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडातील सामान मुख्यतः ओकचे. एका दांड्याला कुसू, दुसऱ्यात खाच, आणि दोहोंतून लाकडी खुंटी, असा सांधा असे. खुंटीची भोके मुद्दाम किंचित चुकवून पाडीत, म्हणजे खुंटी ठोकली की सांधा आपोआप आवळला जाई. चौकटीतील फळी मात्र सैलच बसवावयाची, कारण लाकूड हवेप्रमाणे फुगते व आकसते. त्याला जागा ठेवली नाही, तर ते तडकते.

लंडनमध्ये हे काम जॉइनरांचे. साधे सुतार निराळे. कोणी कोणता सांधा करावयाचा यावरून दोन्ही संघांत भांडणे झाली आणि १६३२ साली शहराच्या आल्डरमन मंडळींना निवाडा द्यावा लागला. कुसवाचे, डव्हटेलचे व सरसाचे काम जॉइनरांच्या वाट्याला आले. कोणते काम कोणत्या खात्याचे, या तंट्यांत माझे आयुष्य गेले आहे. त्यामुळे ही हकीकत वाचली तेव्हा मला परक्या देशाची वाटलीच नाही.

१६६० साली दुसरा चार्ल्स परागंदा होता तो परत गादीवर आला आणि त्याच्याबरोबर हॉलंड-फ्रान्सची रीत आली. ओक मागे पडला, अक्रोड पुढे आला. पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखे दाते एकमेकांत अडकवून केलेला कोपरा म्हणजे डव्हटेल. ओढला तरी तो सुटत नाही, म्हणून टेबलाच्या खणाला तोच लागतो. खण बाहेर काढून पाहावा. दाते मोजके व जाड असतील तर काम बहुधा सतराव्या शतकाच्या अखेरचे. बारीक व नेटके असतील तर पुढचे. खणाच्या तळाच्या फळीची रेषा आधी पुढून मागे जाई. अठराव्या शतकाच्या मध्यापासून ती डावीकडून उजवीकडे जाऊ लागली. अक्रोडाचा पापुद्रा स्वस्त लाकडावर सरसाने चिकटवीत. हाताच्या करवतीने काढलेला पापुद्रा चांगला जाड असे. यंत्राचा कागदासारखा पातळ निघतो. आपल्या दमट हवेत असा पापुद्रा टिकत नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कारागिरांनी इंग्रजांसाठी व धनिक पारशांसाठी केलेले कोरीव कोच भरीव शिसवाचे आहेत, ते उगीच नव्हे.

पुढे महोगनी. १७२१ साली पार्लमेंटाने अमेरिकेतील वसाहतींच्या लाकडावरील जकात उठविली आणि जमैकाचे महोगनी लंडनच्या धक्क्यावर येऊ लागले. जमैकात व होंडुरासच्या किनाऱ्यावर ही झाडे तोडीत ते आफ्रिकेतून आणलेले गुलाम. फळी रुंद, लाकूड घट्ट, कोरीव काम धारदार उठते. गुडघ्याशी फुगलेला, खाली पंजात गोळा धरलेला पाय हा अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील. पुढे सरळ चौकोनी पाय आला. ढालीच्या आकाराची पाठ व खाली निमुळता पाय दिसला की लोक हेपलव्हाइटचे नाव घेतात. पाठ चौकोनी असली की शेरेटनचे. एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

ही नावे वस्तूंची नसून पुस्तकांची आहेत. चिपेनडेलने १७५४ साली दीडशेहून अधिक चित्रांचा ग्रंथ काढला. तो विकत घेणाऱ्यांत उमराव होते, तसे कितीतरी धंदेवाले कारागीरही होते. त्यांनी त्यावरून गावोगाव खुर्च्या केल्या. हेपलव्हाइटचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १७८८ साली त्याच्या विधवेने छापले. शेरेटनने स्वतः केलेली म्हणून खात्रीने दाखविता येईल अशी एकही वस्तू नाही, आणि तो १८०६ साली दारिद्र्यात वारला. चिपेनडेलच्या कारखान्याला १७५५ साली आग लागली. त्या वेळच्या बातमीत बावीस कामगारांच्या पेट्या तेथे होत्या अशी नोंद आहे. पेटी म्हणजे कारागिराची हत्यारे, म्हणजे त्याची सारी इस्टेट. त्या बावीस जणांची नावे बातमीत नाहीत.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते चौथे पुस्तक. १७८८ सालीच लंडनच्या कॅबिनेटकारागिरांच्या संघाने आपले दरपत्रक छापले. त्यातली बरीचशी चित्रे टॉमस शिअरर याची. प्रत्येक वस्तूची मूळ मजुरी ठरलेली. नंतर फळीला बाक दिला तर इतके, कडेला जडावाची एक रेघ ओढली तर इतके, एक खण वाढविला तर इतके, असा हिशेब पेन्सांपर्यंत. ते पुस्तक वाचल्यावर नक्षीकडे पाहण्याची दृष्टी पालटते. ढालीच्या पाठीचा प्रत्येक बाक ही कोणाच्या तरी मजुरीची बाब होती, आणि ती मालकाच्या मर्जीवर न सोडता कामगारांनी छापून ठेवली होती. १७९९ व १८०० च्या कायद्यांनी कामगारांच्या एकजुटीवर बंदी आली, तरी १८११ साली मालक-कारागिरांच्या समितीने नवे दरपत्रक काढले, आणि त्याच्या नावात 'युनियन' हा शब्द आहे.

संघाबाहेर काय होत होते, ते हेन्री मेह्यूने १८५० साली वर्तमानपत्रात लिहिले. लंडनच्या पूर्वभागात माळ्यावर बायकामुलांसह राबणारे कारागीर शनिवारी रात्री माल पाठीवर घेऊन दुकानोदुकान हिंडत आणि मिळेल त्या किमतीस देत. त्या दुकानांना कामगारांनी कत्तलखाना असे नाव दिले होते. तोही माल आज 'अँटिक' आहे.

आता फसवणुकीविषयी थोडे. जुन्या करवतीच्या खुणा सरळ असतात. गोलाकार खुणा चक्राच्या करवतीच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या. जुन्या स्क्रूचे टोक बोथट असते. अणकुचीदार टोकाचा स्क्रू सुमारे १८५० नंतरचा. अर्थात स्क्रू दुरुस्तीत बदललेला असू शकतो, तेव्हा एका खुणेवर निकाल देऊ नये. गोल टेबलाला दोन्ही बाजूंनी टेप लावावी. लाकूड रेषेला आडवे आकसते, म्हणून खरे जुने टेबल किंचित लांबट झालेले असते; अगदी गोल भरले तर शंका घ्यावी.

आणि खुर्च्यांचा संच असेल तर बैठकीच्या चौकटीच्या आतल्या बाजूस हात फिरवावा. कोणती बैठक कोणत्या खुर्चीची हे कळावे म्हणून कारागीर तेथे पटाशीने रोमन आकडे मारीत. सरळ रेघा मारणे पटाशीला सोपे जाते. सहा खुर्च्यांच्या संचात नऊचा आकडा सापडला, तर मूळ खुर्च्या निदान नऊ होत्या. उरलेल्या कोठे आहेत, हे विकणाऱ्यास खुशाल विचारावे.