बाकांना कुलपं आणि एकटा पाळक

रविवारची भक्ती संपली की आपण दारापाशी पाळकांशी हात मिळवतो, ‘प्रेझ द लॉर्ड’ म्हणतो आणि घराकडे वळतो. घरी कुणी आजारी पडलं की त्यांना फोन, लग्न ठरलं की त्यांना फोन, दफनविधी असला तरी त्यांनाच फोन. पण त्यांचं स्वतःचं कसं चाललंय, हे तुम्ही शेवटचं कधी विचारलंत? सगळ्यांना धीर देणारा माणूसही कधीतरी खचतो. मग त्याला धीर कुठून मिळतो?

चार्ल्स सिमियन नावाच्या पाळकांची गोष्ट यासाठी वाचण्यासारखी आहे. इंग्लंडमधल्या केंब्रिज शहरात, १७८२ साली, होली ट्रिनिटी चर्चवर त्यांची नेमणूक झाली तेव्हा ते अवघे २३ वर्षांचे होते. मंडळीला मात्र तिथलेच सहायक जॉन हॅमंड हवे होते. बिशपांनी ऐकलं नाही आणि मंडळीचा सगळा राग या तरुण पाळकावर निघाला.

त्या काळी तिथल्या चर्चमध्ये घराण्यांची बाकं ठरलेली असत. बाकाच्या कडेला लाकडी दार आणि त्या दाराला कुलूप. मंडळीतल्या लोकांनी आपापली बाकं कुलूपबंद केली आणि चर्चला येणंच थांबवलं. जे उपदेश ऐकायला येत, त्यांना मधल्या वाटेत उभं राहावं लागे. सिमियन यांनी स्वतःच्या पैशांनी बाकडी आणून तिथे मांडली, तर चर्चच्या कारभाऱ्यांनी ती उचलून आवारात फेकून दिली. संध्याकाळची भक्ती सुरू केली, तर चर्चच्या दारालाच कुलूप! रविवारी दुपारचा उपदेश कुणी करायचा हे ठरवण्याचा हक्क मंडळीचा होता. तो मान आधी हॅमंड यांना ५ वर्षं आणि मग आणखी एका धर्मगुरूंना ७ वर्षं देण्यात आला. म्हणजे एकूण १२ वर्षं. बाकांची कुलपंही १० वर्षांहून जास्त टिकली. वर विद्यापीठातले विद्यार्थी टवाळी करायला येत, ते वेगळंच.

मी असते तर दुसऱ्याच महिन्यात बदलीचा अर्ज लिहिला असता. सिमियन थांबले. प्रभूच्या सेवकानं भांडू नये, हा पौलानं तीमथ्याला दिलेला सल्ला त्यांनी धरून ठेवला. त्यांचा हिशेबही साधा होता: माणसं निम्मीच आली, पण देवानं त्यांना दुप्पट आशीर्वाद दिला, तर नुकसान काहीच नाही.

पण हिशेब कितीही बरोबर असला तरी मन थकतंच. अशाच एका दिवशी ते हातात नवा करार घेऊन एकटे फिरायला निघाले. देवा, आज मला आधार देणारं एखादं वचन दाखव, अशी प्रार्थना करून त्यांनी पुस्तक उघडलं. खरं तर त्यांना पत्रांचा भाग उघडायचा होता. तिथे दिलासा देणारी वचनं लवकर सापडतील असं त्यांना वाटलं. पण पुस्तक हातात उलटं धरलेलं होतं, म्हणून शुभवर्तमान उघडलं गेलं. नजर पडली ती कुरेनेकर शिमोनाच्या ओळीवर. येशूचा वधस्तंभ वाहायला सैनिकांनी ज्याला वाटेतून धरून आणलं, तो शिमोन. शिमोन आणि सिमियन हे एकच नाव. मराठी बायबलमध्ये तर बाळ येशूला हातांत घेणारा नीतिमान माणूस आणि हा कुरेनेकर, दोघंही शिमोनच आहेत. सिमियन यांना वाटलं, हे आपल्यालाच सांगितलं जातंय. प्रभूच्या मागून त्याचा वधस्तंभ वाहायला मिळतोय, मग तक्रार कसली? ते आनंदानं घरी परतले.

कुलपं दुसऱ्या दिवशी उघडली नाहीत, हे लक्षात घ्या. धीर मिळाला, परिस्थिती तीच राहिली.

आणि नुसत्या एका वचनावर कुणी इतकी वर्षं काढत नाही, असं मला वाटतं. सिमियन यांना माणसंही लाभली. केंब्रिजजवळच्या येलिंग गावात हेन्री व्हेन नावाचे वयस्कर पाळक होते. सिमियन घोड्यावरून त्यांच्याकडे जात. सुरुवातीला या तरुणाचा स्वभाव बराच तापट होता. व्हेन यांच्या मुलींना तो मुळीच आवडला नाही. व्हेन यांनी मुलींना बागेतून एक पीच तोडून आणायला सांगितलं. फळ अजून हिरवं होतं. थोडं ऊन, थोडा पाऊस मिळाला की ते पिकेल, सिमियनचंही तसंच आहे, असं त्यांनी समजावलं. आपल्याकडे असते तर त्यांनी कैरी आणायला सांगितली असती.

दुसरी आठवण त्याहून साधी आहे. आपल्या कॉलेजातले एक सहकारी क्लेअर कॉलेजसमोरच्या हिरवळीवर आपल्याबरोबर १५ मिनिटं फिरले, याचं सिमियन यांना तेव्हा नवल वाटलं होतं. उघडपणे त्यांच्या शेजारी चालायलाही धाडस लागत होतं! उतारवयातही ती १५ मिनिटं त्यांच्या लक्षात होती. रविवारी भक्तीनंतर तुमच्याकडे तेवढा वेळ असेल का? पाळकांसाठी, पाळकबाईंसाठी. काही मागायला नाही, नुसतंच चालायला.

सिमियन त्याच चर्चमध्ये ५४ वर्षं राहिले, १८३६ मध्ये मरण येईपर्यंत. ज्या विद्यार्थ्यांची पूर्वी टवाळी चाले, तेच पुढे चहाला त्यांच्या खोलीत गर्दी करू लागले. त्यांचे सहायक हेन्री मार्टिन १८०६ मध्ये कोलकात्याला पोचले, दानापूर आणि कानपूरला राहिले आणि नवा करार उर्दूत आणि फारसीत आणला. १८१२ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, परतीच्या वाटेवर तुर्कस्तानात टोकाट इथे ते वारले. त्याच वर्षी त्यांचं भारतात काढलेलं चित्र सिमियन यांच्याकडे आलं होतं. पाहताना त्यांना रडू आवरेना. चित्र त्यांनी शेकोटीच्या वर लावलं. ते डोळे आपल्याला वेळ वाया घालवू नका असं बजावतात, असं ते पाहुण्यांना सांगत. मग चित्राकडे पाहून हसत आणि नाही घालवणार, असं उत्तर देत.