वेम्ब्लीचा शनिवार

दुपारचे बारा

१३ जुलै १९८५. लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममध्ये सुमारे ७२,००० माणसं सकाळपासून उन्हात उभी आहेत. राजपुत्र चार्ल्स आणि डायना स्थानापन्न झाले आहेत, कोल्डस्ट्रीम गार्ड्सच्या वाद्यवृंदाने सलामी वाजवली आहे आणि 'स्टेटस क्वो' गिटारी सरसावून उभे आहेत. इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी बॉब गेल्डॉफ आणि मिज युर यांनी घाट घातलेला 'लाइव्ह एड' सुरू होतो आहे. आपल्याकडे या वेळी दुपारचे साडेचार वाजले आहेत. आणखी दोनेक तासांनी अटलांटिकपलीकडे फिलाडेल्फियातही असाच मंच जागा होणार आहे.

संध्याकाळपर्यंत इथे जे घडणार आहे ते समजण्यासाठी कामाच्या अटी आधी पाहायला हव्यात. प्रत्येकाला साधारण वीस मिनिटं. मंच फिरता आहे. पुढच्या भागावर एक बँड वाजवत असतो, तेव्हा मागे दुसऱ्याची मांडामांड चाललेली असते. मंचावर रस्त्यावरच्या सिग्नलसारखे दिवे लावले आहेत. हिरवा असेतो वाजवा, पिवळा लागला की आवरतं घ्या, लाल लागला की उतरा. रीतसर साउंडचेक कुणालाच नाही. स्वतःची प्रकाशयोजना, स्वतःची सजावट, स्वतःची गर्दी, काहीच बरोबर आणता येत नाही. समोर उभी आहेत ती माणसं अमक्या एका बँडची चाहती म्हणून आलेली नाहीत. रॉकच्या इतिहासात इतके मुख्य गायक इतक्या सारख्या अटींवर एकाच दिवशी क्वचितच उभे राहिले असतील.

मुख्य गायकाविषयी लिहिताना आवाज, कपडे आणि उड्या यांवरच बहुतेकांची शाई संपते. या दिवसाचं चित्रीकरण पाहताना माझी नजर मात्र मागे जाते, ड्रमसेटमागे बसलेल्या आणि बास गिटार घेऊन कडेला उभ्या असलेल्या माणसांकडे. शाहिराचा खरा कस झीलकऱ्यांना कळतो, तसंच इथे आहे. पुढे उभा असलेला माणूस मागच्यांना काय देतो आणि त्यांच्याकडून काय गृहीत धरतो, यात त्याचं नेतृत्व दिसतं.

पावणेएक

गेल्डॉफ स्वतः 'बूमटाउन रॅट्स'चा गायक. आठवडेच्या आठवडे त्याने फोनवर लोकांना गळ घातली आहे, धमकावलं आहे, लाजवलं आहे. बँडचे चांगले दिवस सरले आहेत आणि वर्षभरात तो मोडणारही आहे. पण आज त्यांना मंच आहे, कारण तो मंच त्यांच्याच गायकाने उभा केला आहे.

सॅन डिएगोतल्या एका शाळेत १९७९ साली झालेल्या गोळीबारावर त्याने लिहिलेलं 'आय डोन्ट लाइक मंडेज' चालू आहे. मरणाचा उल्लेख येतो त्या ओळीवर तो थांबतो. मूठ वर जाते आणि तशीच राहते. वाद्यं थांबलेली. काही सेकंद तो नुसता त्या गर्दीकडे पाहतो. सोळा तासांच्या कार्यक्रमात, जिथे सेकंदासेकंदाचा हिशेब आहे, तिथे ज्याने तो हिशेब मांडला त्यानेच काही सेकंद निःशब्द उधळले. मागचे साथीदार हातांवर ताबा ठेवून वाट पाहतात. गायकाची शांतता साथीदारांनी जपली तरच ती टिकते. एखाद्याने उगाच झांज हलवली असती तरी ती फुटली असती.

दुपारचे तास

दीड ते पाच या वेळात बरंच होतं आणि त्यातलं थोडंच लक्षात राहतं. युरचा 'अल्ट्राव्हॉक्स', 'स्पॅन्डाऊ बॅले', मग शाडे. शाडेचं गाणं संथ, हालचाल जवळपास नाही, आणि तरीही भर उन्हात तिने तो अफाट पसारा खालच्या पट्टीत आणला, याची नोंद करायला हवी. सव्वातीनच्या सुमारास स्टिंग आणि फिल कॉलिन्स येतात. स्टिंगची 'पोलिस' ही तिकडी तेव्हा प्रत्यक्षात थांबलेली आहे, त्यामुळे तो बँडविना आलेला गायक आहे. कॉलिन्स गाऊन झाल्यावर कॉन्कॉर्ड विमानाने अमेरिकेला निघतो, फिलाडेल्फियातही वाजवायला. त्याच्याकडे रात्री परत येऊ.

पाच वाजून वीस मिनिटं

डब्लिनचे चौघे. 'यूटू'. फिलाडेल्फियातून जॅक निकल्सन उपग्रहामार्फत त्यांची ओळख करून देतो. गायक बोनो पंचवीस वर्षांचा आहे. हा बँड जमवला तो ड्रमर लॅरी मलनने, १९७६ साली शाळेच्या फलकावर चिठ्ठी लावून. म्हणजे गायकाने साथीदार शोधले नाहीत, साथीदारांना गायक मिळाला. श्रेय आणि पैसा दोन्ही चौघांत वाटून घ्यायचं, असा त्यांचा शिरस्ता.

तीन गाणी ठरली आहेत. 'संडे ब्लडी संडे', 'बॅड' आणि शेवटी 'प्राइड'. शेवटचं सगळ्यात गाजलेलं, जगभरच्या टीव्हीसमोर वाजवायचं ते हेच. पहिलं गाणं झोकात होतं. 'बॅड' सुरू होतं आणि बोनोची नजर गर्दीत अडकते. पुढच्या रांगांत चेंगराचेंगरी आहे. तो रखवालदारांना खुणा करतो, अमक्या मुलीला बाहेर काढा, या बाजूने आणा. त्यांना कळत नाही. तो मंचाच्या कडेवरून खालच्या फळीवर उतरतो आणि तिथून आणखी खाली, कठड्यापलीकडे आलेल्या मुलीजवळ जातो. तिला मिठीत घेतो आणि संथपणे तिच्याबरोबर नाचतो. कॅमेरे धावत तिथे पोचतात.

आता वर पाहा. एज, ॲडम क्लेटन आणि लॅरी यांना गायक दिसत नाही. तो पडला, की कुणी ओढला, की निघून गेला, काही कळायला मार्ग नाही. तिघे तीच सुरावट पुन्हा पुन्हा वाजवत राहतात. एजच्या गिटारची ती घोळणारी, आवर्तनात फिरणारी लकेर ऐका. तिच्यात उतावळेपणा नाही. लॅरी लय जरासुद्धा ढळू देत नाही. ध्वनिमुद्रिकेवर सहा मिनिटांचं असलेलं गाणं इथे बारा मिनिटांच्या आसपास जातं. बोनो परत वर येतो, त्यात लू रीड आणि रोलिंग स्टोन्सच्या गाण्यांचे तुकडे गुंफतो, आणि वेळ संपते. 'प्राइड' राहून जातं.

मंचामागे साथीदार संतापले होते. बोनोला स्वतःलाही आपण सगळं घालवलं असं वाटत होतं, हे त्याने नंतर अनेकदा सांगितलं आहे. पुढच्या दिवसांत लोक बोलत राहिले ते त्या बारा मिनिटांविषयी, आणि मग घरातलं वातावरण निवळलं. मला या प्रसंगात बोनोच्या धाडसाइतकंच त्या तिघांचं वागणं मोठं वाटतं. गायकाने ठरलेलं मोडलं, सर्वांच्या वाटणीची मिनिटं एकट्याने खर्च केली, विचारलंसुद्धा नाही. अशा नेत्यामागे उभं राहायचं तर त्याच्यावर रागावता यायला हवं आणि तरीही हात थांबू देता कामा नयेत. सगळ्या बँडांना हे जमत नाही. ज्यांना जमत नाही त्यांच्या गायकाने खाली उडी मारू नये.

सहा

'डायर स्ट्रेट्स'चा मार्क नॉफ्लर गाताना फारसा हलत नाही, बोलतोही कमी. बोटंच बोलतात. या बँडचा त्या संध्याकाळी शेजारच्याच वेम्ब्ली अरेनात स्वतःचा कार्यक्रम आहे, त्यामुळे इथलं काम उरकून ते तिकडे कामाला लागतात. 'मनी फॉर नथिंग'मध्ये स्टिंग साथीला गातो. नॉफ्लर नेता आहे यात शंका नाही, गाणी त्याची, गिटार त्याची. पण त्याला पाहिलं जावं असं वाटतच नाही, आणि बाहत्तर हजारांना त्याचं काही वाटत नाही.

पावणेसातच्या सुमारास

'क्वीन'. चौघांमागे पंधरा वर्षांचा अनुभव आहे आणि अलीकडची थोडी बदनामीही, कारण आदल्या वर्षी वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला त्यांनी कार्यक्रम केले होते. ऊन अजून आहे, म्हणजे ज्या दिव्यांच्या झगमगाटासाठी हा बँड ओळखला जातो त्याचा उपयोग शून्य. पण त्यांनी एक गोष्ट केली आहे. लंडनच्या शॉ थिएटरमध्ये बसून वीस मिनिटं घासूनपुसून बसवली आहेत. कुठलं गाणं कुठे कापायचं, एकातून दुसऱ्यात कसं शिरायचं, सगळं ठरलेलं. नवं काही विकायला आणलेलं नाही, लोकांना पाठ आहेत तीच गाणी.

फ्रेडी मर्क्युरी धावतच येतो. पांढरी गंजी, फिकट जीन्स, दंडावर खिळ्यांचा पट्टा. पियानोवर पेप्सीचे कागदी पेले ठेवलेले आहेत, तो त्यांच्याकडे बघतही नाही. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा पहिला भाग, मग हातात अर्ध्या दांडीचा माइक. त्या दांडीची कधी गिटार होते, कधी राजदंड. 'रेडिओ गा गा'ला सगळं मैदान डोक्यावर हात नेऊन एका तालात टाळ्या देतं. पुढे तो एकेक स्वर फेकतो, लोक तो परत देतात. मग एक लांब स्वर, ताणलेला. लोक तोही झेलतात. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही आपली परीक्षा घेतली गेली आणि आपण पास झालो असं वाटावं, इतकं ते थेट आहे.

'हॅमर टू फॉल'मध्ये तो मंचावरच्या कॅमेरामनशी खेळतो, त्याच्यापुढे नाचतो. कॅमेरा म्हणजे घरी बसलेली माणसं, हे त्याने ओळखलं आहे. बोनो एका मुलीपर्यंत पोचायला मंच सोडून गेला. फ्रेडी मंचाची चौकट न सोडता प्रत्येकापर्यंत पोचला. बोनोने ठरलेलं मोडून जे मिळवलं, ते फ्रेडीने ठरलेलं काटेकोर पाळून मिळवलं. मला विचाराल तर अवघड दुसरं. पाठ केलेली गोष्ट आत्ताच सुचल्यासारखी करणं याला फार मोठा शिस्तीचा माणूस लागतो.

आणि पुन्हा मागे पाहा. ब्रायन मे, रॉजर टेलर, जॉन डीकन निश्चिंत आहेत. पुढे काय येणार हे चौघांनाही माहीत आहे. 'रेडिओ गा गा' ड्रमर टेलरचं गाणं, 'हॅमर टू फॉल' आणि 'वी विल रॉक यू' मेची. म्हणजे हा गायक निम्मा वेळ साथीदारांचे शब्द गातो आहे. आपण बँडचे सेनापती नाही, चौघे सारखे आहोत, असं फ्रेडी मुलाखतींत सांगायचा. या वीस मिनिटांची घडण बघितली की ते खरं वाटतं.

आपल्यापैकी काहींना हे ठाऊक असेल की हा फारूख बलसारा. झांझिबारमध्ये पारशी घरात जन्मला आणि आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. तिथे मुलांनी 'हेक्टिक्स' नावाचा बँड काढला होता. त्यात फारूख पियानो वाजवायचा, पुढे उभा राहून गाणारा मुलगा दुसराच होता. साथ म्हणजे काय, ते त्याने सह्याद्रीच्या माथ्यावर, वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी अनुभवलं होतं.

साडेसात ते नऊ

डेव्हिड बोवीला चार गाण्यांनंतर पाचवं गायचं होतं, 'फाइव्ह इयर्स'. त्याने ते सोडून दिलं. त्या वेळात कॅनडाच्या सीबीसीने दुष्काळावर केलेली फीत दाखवा, असं त्याने सांगितलं. 'हीरोज' संपवून तो बाजूला होतो आणि पडद्यावर उपासमारीने खंगलेली मुलं येतात. मैदान गप्प होतं आणि मदतीचे फोन वाढतात. ज्याच्याकडे वीसच मिनिटं आहेत, त्या गायकाने त्यातली काही देऊन टाकणं, याच्या तोडीचं त्या दिवशी मंचावर कुणी काही केलं नाही असं मी म्हणेन.

आठला 'द हू'. इथे गायक रॉजर डॉल्ट्री माइक दोरीसारखा गरागरा फिरवतो, पण नेता गिटारवादक पीट टाउनशेंड. गाणी त्याची, बँड ठेवायचा की मोडायचा हा निर्णयही बराचसा त्याचाच. १९८२ च्या निरोपाच्या दौऱ्यानंतर ते प्रथमच एकत्र आले आहेत, तेही गेल्डॉफने भाग पाडल्यामुळे. 'माय जनरेशन' ऐन रंगात असताना प्रक्षेपण तुटतं. घरच्यांना काही दिसत नाही, मैदानात मात्र डॉल्ट्री आणि टाउनशेंड हे दोघे जुने प्रतिस्पर्धी पूर्ण ताकदीने वाजवत राहतात.

पावणेदहा

पॉल मॅकार्टनी पियानोशी बसून 'लेट इट बी' सुरू करतो आणि त्याचा माइक बंद आहे. जवळपास दोन मिनिटं त्याचा आवाज पोचत नाही. मैदान स्वतःच गाणं उचलतं. मग साथीला येतात बोवी, टाउनशेंड, ॲलिसन मॉयेट आणि गेल्डॉफ. दिवसभर पुढे उभे राहिलेले हे लोक आता कोरस आहेत. शेवटी सगळे मिळून गातात, आणि टाउनशेंड व मॅकार्टनी गेल्डॉफला खांद्यावर उचलून घेतात.

मध्यरात्रीनंतर, फिलाडेल्फिया

लंडनच्या घड्याळात एक वाजून गेला आहे. 'लेड झेपलिन'चे रॉबर्ट प्लांट, जिमी पेज आणि जॉन पॉल जोन्स पाच वर्षांपूर्वी ड्रमर बॉनम गेल्यावर प्रथमच जाहीरपणे एकत्र आलेत. त्याच्या जागी दोन ड्रमर, टोनी थॉम्पसन आणि नुकताच विमानातून उतरलेला कॉलिन्स. तालीम नाममात्र. प्लांटचा आवाज बसलेला. मागच्यांना पुढच्याची पकड सापडत नाही, पुढच्याला मागच्यांची. पेज आणि कॉलिन्स पुढे कित्येक वर्षं एकमेकांच्या तयारीकडे बोट दाखवत राहिले, आणि बँडने ते चित्रीकरण २००४ च्या डीव्हीडीत घेऊ दिलं नाही.

दोनेक तासांनी मिक जॅगर. मागे हॉल अँड ओट्सचा बँड, जोडीला टीना टर्नर. जॅगर त्या रात्री फार जोरात होता, यात वाद नाही. पण त्याचा बँड कुठे आहे? त्याने त्याच वर्षी एकट्याची ध्वनिमुद्रिका काढली होती आणि त्याच्या रोलिंग स्टोन्समध्ये धुसफूस चालू होती. त्याचे दोन गिटारवादक, कीथ रिचर्ड्स आणि रॉनी वुड, त्याच मंचावर थोड्या वेळाने येतात ते बॉब डिलनच्या साथीला.

तिघे जण, तीन गिटारी, गलका इतका की एकमेकांचं धड ऐकू येत नाही. गाता गाता डिलनच्या गिटारची तार तुटते. वुड क्षणाचाही विचार न करता स्वतःची गिटार उतरवून त्याच्या हातात देतो, आणि दुसरी मिळेपर्यंत रिकाम्या हातांनी हवेत वाजवल्यासारखं करत त्याच्या बाजूला उभा राहतो.