पेटीवाल्याचं 'डीप पर्पल'

खामगावच्या सराफ्यात एका चांदीच्या दुकानाच्या माडीवर, १९९२ ते १९९५ या काळात, आम्ही चौघं जण दर रविवारी दुपारी 'डीप पर्पल' या विलायती बँडवरून भांडत असू, असं आज सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. खामगाव म्हणजे कापसाचा बाजार, चांदी आणि कोजागिरीला बसणारी मोठी देवी. त्यात हे रॉक संगीताचं खूळ कुठून शिरलं, असा प्रश्न आमच्या घरच्यांनाही पडत असे. उत्तर साधं होतं. शेगावला १९८३ साली इंजिनिअरिंग कॉलेज निघालं आणि मुंबई-पुण्याकडची मुलं तिथल्या हॉस्टेलात येऊन राहू लागली. येताना ती पिशवीतून कॅसेटी आणत. शेगाव आम्हाला सोळा-सतरा किलोमीटर. रोग पसरायला एवढं अंतर काही जास्त नव्हे!

आमच्यातला एक असा हॉस्टेलवाला, डोंबिवलीचा. दुसरा चांदीवाला, माडी त्याची, डबल डेक टेपरेकॉर्डर त्याचा, चहाही त्याचाच. तिसरा मी, शाळामास्तरांचा मुलगा, इंग्रजी बरं म्हणून गटात विद्वान. आणि चौथा नांदुऱ्याजवळच्या एका खेड्यातला. त्याचे वडील गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवत आणि हा पेटी. बारावीला तो इंग्रजीत दोनदा गेला होता. आम्ही त्याला पेटीवालाच म्हणत असू.

आमचं दैवत म्हणजे एकच कॅसेट. 'मेड इन जपान'. १९७२ च्या ऑगस्टमध्ये ओसाका आणि टोकियोत झालेल्या कार्यक्रमांचं हे ध्वनिमुद्रण. मूळ दोन तबकड्यांचा ऐवज नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर नीट बसायचा. पहिल्या बाजूला शेवटी आठ-नऊ मिनिटं फीत रिकामी उरायची. आम्ही तिथे 'स्टॉप' दाबून कॅसेट उलटवायचो. पेटीवाल्याने आपल्या प्रतीत त्या रिकाम्या जागेत मंडळाचं भजन भरून घेतलं होतं. "फीत वाया काहून घालवा लागते?" हा त्याचा हिशेब. त्याची कॅसेट लागली की शेवटचे ड्रम संपतात न संपतात तोच टाळ वाजायला लागत आणि आम्ही हसून बटण दाबत असू. तोही हसायचा.

हे वाद्यवृंदाचं वेड ज्यांना नाही, त्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. डीप पर्पल १९६८ साली इंग्लंडात सुरू झाला. ज्या पाच जणांमुळे तो जगभर गाजला ते म्हणजे गायक इयान गिलन, गिटारवर रिची ब्लॅकमोर, बेसवर रॉजर ग्लोव्हर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड आणि ड्रमवर इयान पेस. रॉक म्हटलं की गिटार, अशी सर्वसाधारण समजूत. इथे मात्र ऑर्गन गिटारच्या छातीवर बसून वाजतो. पेटीवाला या बँडला चिकटला तो त्या ऑर्गनपायी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच तो म्हणाला होता, "ही पेटी कर्ण्यातून वाजवून रायला हा. देवळातला कर्णा फाटला की आमची पेटी अशीच वाजते." आम्ही खूप हसलो. पुढे कित्येक वर्षांनी मी वाचलं, की जॉन लॉर्डने आपला हॅमंड ऑर्गन गिटारवाल्यांच्या मार्शल अँप्लिफायरला जोडला होता आणि ती गुरगुर त्यातून आली होती. म्हणजे हॉस्टेलमधल्या इंजिनिअरांना जे उमगलं नव्हतं ते याने कानाने ओळखलं होतं!

आमची भांडणं कशावरून होत? कशावरूनही. 'स्मोक ऑन द वॉटर' हे त्यांचं सगळ्यांत गाजलेलं गाणं. गिटार हातात घेणारा प्रत्येक पोरगा आधी तेच वाजवतो, म्हणून मला ते शिळं वाटे. त्यामागची हकीकत मी एकदा सांगितली. १९७१ च्या डिसेंबरात ही मंडळी स्वित्झर्लंडमधल्या माँत्र्योला ध्वनिमुद्रणासाठी गेली होती. तिथल्या कॅसिनोत फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना कुणी तरी आतच शोभेचा बार उडवला, अख्खी इमारत जळाली आणि धूर तळ्यावर पसरला. गाण्यात एवढंच आहे. पेटीवाला खूश झाला. "मंग हा पोवाडाच झाला की! जे झालं ते सांगतलं." 'हायवे स्टार' हे मोटारीवरचं गाणं आहे असं कळल्यावर मात्र तो हिरमुसला. "एवढा जीव काढते आन् गाडीसाठी?" 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन'मध्ये गिलनचा गळा आणि ब्लॅकमोरची गिटार एकमेकांना सवाल टाकतात. ती जागा आली की तो हात वर करून आम्हाला गप्प बसवायचा. एरवी तो मधेमधे बोले, त्या वेळी कधीच नाही.

१९९३ च्या नोव्हेंबरात ब्लॅकमोर बँड सोडून गेला. ही बातमी आमच्यापर्यंत पोहोचायला महिने लागले. त्याच वर्षी अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' निघू लागलं होतं, त्याचा अंक हॉस्टेलवाल्याच्या हाती लागायचा. १९९४ मध्ये स्टीव्ह मॉर्स नावाचा अमेरिकन गिटारवाला आला आणि माडीवर महायुद्ध पेटलं. माझं म्हणणं, ब्लॅकमोर नाही तर डीप पर्पल नाही, पाटी उतरवा. पेटीवाल्याला हे पटेना. "आमच्या मंडळात तीन पखवाजी झाले. एक मेला, एक सुरतेला गेला. मंडळ थेच हाय. नाव गावाचं असते, वाजवणाऱ्याचं नाही." चांदीवाल्याने आपल्या धंद्यातला तोडगा काढला. "जुना दागिना मोडून नवा केला तर चांदी तीच. पण घट येते, ती धरावी लागते." आजही या विषयावर यापेक्षा नेमकं मत मी वाचलेलं नाही, आणि वाचलंय बरंच.

आता ज्या रविवारसाठी हे सगळं लिहायला बसलो, तिकडे येतो. १९९५ चा मार्च असावा. उन्हं तापली होती, 'चाइल्ड इन टाइम' चालू होतं. १९७० च्या 'इन रॉक' अल्बममधलं हे गाणं. 'मेड इन जपान'मध्ये ते बारा मिनिटांवर जातं. थोडे शब्द, आणि मग गिलनचा निव्वळ आकार. मंद सुरातून पायरी-पायरीने चढत थेट किंकाळीपर्यंत. मी शब्द ऐकून ऐकून वहीत उतरवले होते आणि हे गाणं शीतयुद्धाच्या सावटावर आहे, यावर माझं प्रवचन चाललं होतं. हॉस्टेलवाल्याने मध्येच एक माहिती टाकली : त्यातली ऑर्गनची सुरुवात उसनी आहे. 'इट्स अ ब्यूटिफुल डे' नावाच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडची १९६९ ची एक धून आहे, तिचं नावच 'बॉम्बे कॉलिंग'. ती यांनी संथ करून घेतली. मला तो अपमान वाटला. पेटीवाल्याला त्याचं काहीच वाटलं नाही. सिनेमाच्या चालीवर अभंग म्हणणाऱ्या मंडळात वाढलेला तो. "चाल कोणाची का असेना. वर कुठं नेली थे पाहा. आन् एक सांगू? तिसऱ्या खेपेला तो गळा दाबते. जीव नाही उरत त्याच्यात. दुसरी खेप खरी."

मी उसळलो. ती तिसरी खेप म्हणजे माझ्या मते मानवजातीचा आक्रोश वगैरे होता. मी म्हणालो, "तुला शब्द तरी कळतात का? बारावीचं इंग्रजी सुटत नाही आणि मत कशाचं देतोस?"

माडीवर पंखा तेवढा फिरत होता. तो म्हणाला, "शब्द नाही समजत मले. पण माणूस रडून रायला का लढून रायला, थे समजते." मग टेपमधली कॅसेट त्याने काढली (त्या दिवशी त्याचीच लागली होती), डबीत घातली आणि जिना उतरला. त्या संध्याकाळी मी नांदुऱ्याची एसटी पकडून जायला हवं होतं. गेलो नाही. विद्वानांचं असंच असतं.

एप्रिलमध्ये डीप पर्पल मुंबईत येणार, हे आम्हाला ठाऊक होतं. ८ एप्रिल १९९५, शनिवार. हॉस्टेलवाल्याची परीक्षा तोंडावर, चांदीवाल्याच्या घरी लग्न, आणि माझ्या वडिलांनी एका शब्दात विषय संपवलेला. आम्ही तिघांनी मिळून हळहळ व्यक्त केली. पुढच्या आठवड्यात चांदीवाला म्हणाला, "पेटीवाला जाऊन आला. जाताना माझ्याकडून तीनशे रुपये नेले होते."

जलंबला गाडीत चढून जनरलच्या डब्यात रात्र काढून तो एकटा मुंबईला गेला होता. मुंबई त्याने कधी पाहिली नव्हती. आमच्यात शब्द न कळणारा एकटा तो, आणि आमच्यापैकी एकट्याने ते ऐकलं ते त्यानेच. मी त्याला शोधत बाजार समितीत गेलो. तो वडिलांबरोबर कापसाच्या गाडीवर बसला होता. माफी मागायची म्हणून गेलो होतो. तोंडातून निघालं, "कसं झालं रे?"

तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "तो ड्रमवाला डावखुरा हाय."

एवढंच. तीन वर्षं आम्ही इयान पेसची थाप न् थाप पाठ केली होती. पण कॅसेटी सगळ्या नकला, वर फोटो नाही. तो डावरा आहे आणि त्याचा सगळा साज उलट मांडलेला असतो, हे आम्हाला माहीतच नव्हतं. नवा गिटारवाला कसा वाटला, असं मी विचारलं. "पाहुण्यासारखा नाही वाटला," म्हणाला. माझा मुद्दा खोडायची ती नामी संधी होती, ती त्याने एवढ्यावरच सोडून दिली. तीनशे रुपये त्याने दिवाळीनंतर फेडले. माडीवर मात्र तो पुन्हा आला नाही. वर्षभरात हॉस्टेलवाला शिकून गेला, मी नोकरीला लागलो आणि रविवार आपोआप बंद पडले.

त्या मुंबईच्या कार्यक्रमाची चित्रफीत पुढे बाजारात आली. नाव 'बॉम्बे कॉलिंग'. गर्दीत कुठे तो दिसतो का, म्हणून मी ती मूर्खासारखी थांबवत-थांबवत पाहिली आहे.

१६ जुलै २०१२ ला जॉन लॉर्ड वारला. दुसऱ्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. सतरा वर्षांनी. नाव सांगायच्या आधीच तो म्हणाला, "पेटीवाला गेला रे आपला." मी क्षणभर दचकलोच. मग अर्धा तास आम्ही बोललो. ऑर्गनबद्दल, पावसाबद्दल, सोयाबीनबद्दल. त्याचे वडील गेल्याचं त्याने मध्येच सांगितलं. मार्चमधल्या त्या दुपारीबद्दल तो बोलला नाही. मी बोललो. तो म्हणाला, "राहू दे ना बाप्पा," आणि मला अजून कळलेलं नाही, की ते राहिलं म्हणजे संपलं की राहिलं.

मागच्या हिवाळ्यात त्याच्या गावी गेलो. दारात हरभरा सोंगून ठेवलेला. मुलगा पुण्यात असतो. त्याने बापाला मोबाइलवर सगळं काही भरून दिलंय, शब्दांसकट. तरी त्याने जुना टेपरेकॉर्डर काढला. २०२२ मध्ये मॉर्सनेही बँड सोडला, बेलफास्टचा सायमन मॅकब्राइड आला. १९६८ पासून टिकलेला आता एकटा पेस. मी म्हटलं, आता तरी पाटी उतरवा. तो म्हणाला, "पखवाज तोच हाय ना?" आणि आम्ही चहा निवेपर्यंत भांडलो. 'चाइल्ड इन टाइम' लागलं. तिसरी खेप आली तेव्हा मी गप्प राहिलो. गळा दाबतो हे खरंच आहे. ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

पहिली बाजू संपत आली. ड्रम थांबले, टाळ सुरू झाले. माझा हात सवयीने बटणाकडे गेला आणि मागे आला. फीत जुनी, आवाज बुडाल्यासारखा; पण पखवाज स्पष्ट होता. त्याच्या वडिलांचा. तीन वर्षं दर रविवारी आम्ही जो बंद करत आलो तो.

मी ऐकत राहिलो. शेवटी न राहवून म्हणालो, "वडील लयीत जरा पुढे पळतात रे."

"पळतेच," तो म्हणाला. "पण तू तर शब्दाचा माणूस ना? शब्द आईक."